नवा राउटर, जुनं नाव: घरातले स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेरे पुन्हा जोडताना

गेल्या महिन्यात परभणीला आत्याकडे नवा राउटर बसला. केबलवाला पोरगा आला, जुना डबा काढला, नवा लावला, आत्याच्या मोबाइलवर स्पीड दाखवला आणि गेला. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी आत्याने रोजच्यासारखी हाक मारली, "अलेक्सा, देवघराचा लाईट लाव." अलेक्सा इंटरनेट सापडत नसल्याचं काहीतरी इंग्रजीत पुटपुटली आणि गप्प झाली. रात्री मला फोन. "बाळा, वायफाय लई जोरात आहे म्हणला तो पोरगा. पण एक बी बल्ब ऐकंना झालाय. बटन धा-धा वेळा दाबून बघितलं. तू येतोस का रविवारी?"

आत्याच्या घरात वाय-फायवर चालणाऱ्या अकरा वस्तू आहेत: पाच बल्ब, दोन प्लग, दोन कॅमेरे, एक स्पीकर आणि एसीच्या रिमोटचं काम करणारी एक डबी. हे सगळं तिच्या मुलाने पुण्याहून येऊन दिवाळीच्या सुट्टीत बसवलं आणि तो परत गेला. मराठवाड्यात अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. लेक पुण्यात, आईवडील गावी, आणि गेटवरचा कॅमेरा दोघांच्या मोबाइलवर. राउटर मात्र बदलला जातो तो लेक घरी नसताना. हा लेख अशा घरांसाठी आहे. यातलं काहीही करायला इंजिनिअर लागत नाही. एक दुपार लागते, आणि थोडा धीर.

आधी माझी चूक सांगतो. माझ्या घरी पहिल्यांदा राउटर बदलला तेव्हा सगळी उपकरणं 'ऑफलाइन' दिसली. मी अॅप उघडलं आणि एकेक उपकरण डिलीट करत सुटलो. डिलीट झाल्यावर कळलं की बल्बांना दिलेली नावं, संध्याकाळी साडेसहाला ओट्यावरचा दिवा लावायची वेळ, गिझर वीस मिनिटांनी बंद करायचा नियम, सगळं त्याच्याबरोबर गेलं. चार तास मोडले. म्हणून पहिली सूचना हीच: अॅपमधलं काहीही डिलीट करू नका. ऑफलाइन दिसतंय तर दिसू द्या.

बल्बला काय आठवतं

स्मार्ट बल्ब पहिल्यांदा जोडला तेव्हा त्याने दोन गोष्टी पाठ केल्या: वाय-फायचं नाव आणि पासवर्ड. मोबाइलला पडदा आहे, तो तुम्हाला विचारू शकतो की आता कुठल्या नेटवर्कला जाऊ. बल्बला पडदा नाही. तो त्याच जुन्या नावाला हाका मारत बसतो. नव्या राउटरचं नाव वेगळं असलं, तर तो दोन फुटांवर ठेवला तरी बल्बच्या लेखी घरात वाय-फायच नाही.

यातच सोपा रस्ताही आहे. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, की उपकरणांना बदल झाल्याचं कळतही नाही. अकरापैकी आठ-दहा वस्तू आपसूक परत येतात. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. नवा राउटर आला की हौसेनं नवं नाव देतात आणि मग स्टुलावर चढून एकेक बल्ब जोडत बसतात.

एक अपवाद आहे. जुना पासवर्ड तुमचा मोबाइल नंबर किंवा एक ते आठ आकडे असतील, तर तो अख्ख्या गल्लीला पाठ आहे असं धरून चाला. मग तो बदलायची हीच वेळ. कष्ट पडतील, पण त्याच वाय-फायवर तुमच्या घराचे कॅमेरे आहेत.

जुना राउटर काढायच्या आधी

केबलवाला दारात उभा असेल तर त्याला चहा द्या आणि तेवढ्यात ही कामं उरका.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड कागदावर जसाच्या तसा उतरवून घ्या. इंग्रजी अक्षर लहान की मोठं, मध्ये जागा आहे का, खाली रेघ आहे का, सगळं बघून. पासवर्ड आठवत नसेल तर तो मोबाइलमध्ये आहे. अँड्रॉइडवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कवर जाऊन 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो आणि बहुतेक फोनवर त्याच्याखाली पासवर्ड लिहिलेला असतो. आयफोनवर आयओएस १६ पासून वाय-फायच्या यादीत नावासमोरच्या 'आय' वर जाऊन पासवर्ड बघता येतो. राउटर आधीच काढून नेला असेल तरी घाबरू नका, फोनने ते लक्षात ठेवलेलं असतं. फक्त त्या जुन्या नावावर 'फॉरगेट' दाबू नका.

जुन्या राउटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. त्यावर राउटरचा पत्ता असतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. घरात तारेने जोडलेला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा असेल तर हा पत्ता पुढे कामाला येतो.

आता आत्याकडची गंमत. नाव-पासवर्ड कागदावर होताच. मी नव्या राउटरला तेच नाव दिलं, तोच पासवर्ड दिला, दहा मिनिटं वाट बघितली. एकही बल्ब आला नाही. पासवर्ड पुन्हा तपासला, बरोबर. मग आत्याच्या फोनमध्ये सेव्ह केलेल्या नेटवर्कची यादी उघडली, तर तिथे एकच नाव दोनदा. अक्षर न् अक्षर सारखं, आणि तरी दोन. फोनला ती दोन नावं वेगळी वाटतायत म्हणजे ती वेगळी असणारच. बराच वेळ बघितल्यावर उलगडा झाला. जुनं नाव कुणीतरी मोबाइलवरून टाकलं होतं. मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवतो, तो निवडला की शेवटी एक रिकामी जागा आपोआप पडते. ती जागा त्या नावाचा भाग होऊन बसली होती. दिसत कुठेच नव्हती. नव्या राउटरमध्ये नावाच्या शेवटी एक स्पेस मारली, सेव्ह केलं, आणि दोन मिनिटांत ओसरीतला बल्ब परत आला. आत्या म्हणाली, "एवढ्याशा मोकळ्या जागेनं आठ दिवस अंधारात ठेवलं व्हय!"

म्हणून जुळत नसेल तर फोनमधली यादी नक्की बघा. एकच नाव दोनदा दिसलं की शेवटच्या स्पेसवर संशय घ्या.

नव्या राउटरमध्ये काय बदलायचं

फोन नव्या राउटरच्या वाय-फायला जोडा, ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या डब्यात १९२.१६८.२९.१. अंक अर्थातच इंग्रजीत टाकायचे. आत जायचा पासवर्डही स्टिकरवर असतो. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. आत गेलात की आधी तो बदला. काही कंपन्यांचं स्वतःचं अॅप असतं, त्यातूनही हेच होतं.

आता मुख्य गोष्ट. आजचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचची पट्टी वेगवान, पण भिंतीपुढे तिचं फारसं चालत नाही. २.४ हळू, पण भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोचते. घरातली बहुतेक स्मार्ट उपकरणं फक्त २.४ वर चालतात. त्यांच्यातली स्वस्त चिप पाचची पट्टी ऐकूच शकत नाही, आणि तिला गरजही नाही. 'लाग' आणि 'विझ' एवढा निरोप घ्यायला वेग कशाला हवा?

नवे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. सेटिंगमध्ये याला 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टिअरिंग' म्हणतात. फोनसाठी हे छान आहे, बल्ब जोडताना मात्र हेच आड येतं. माझा सल्ला असा की ते बंद करा. २.४ च्या पट्टीला जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या. पाचच्या पट्टीला त्याच नावापुढे काहीतरी जोडून वेगळं नाव द्या. मग फोन आणि टीव्ही पाचवर, बाकी सगळं २.४ वर. काही जण म्हणतील की ही जुनी पद्धत झाली, आताचे राउटर हुशार आहेत. असतील. पण आत्याला फोनवरून समजावताना दोन वेगळी नावं असली की काम पाच मिनिटांत होतं, हा माझा अनुभव.

दुसरं, सुरक्षा. म्हणजे वाय-फायला कुलूप घालायची पद्धत. इथे 'डब्ल्यूपीए२-पीएसके' आणि 'एईएस' निवडा. डब्ल्यूपीए३ हे २०१८ साली आलेलं पुढचं पाऊल, बरेच नवे राउटर ते लावूनच येतात. त्याआधीच्या बहुतेक चिपांना ते कळत नाही. दोन्ही एकत्र चालवायचा पर्याय असतो, पण काही जुनी उपकरणं त्यावरही अडखळतात. आत्याची एसीची डबी यातच अडकली होती. बल्ब आले, प्लग आले, कॅमेरे आले, स्पीकर आला, डबी काही येईना. २.४ ची सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए२ वर आणली आणि ती आली. पाचच्या पट्टीवर डब्ल्यूपीए३ राहू द्यायला हरकत नाही.

याच पानावर २.४ च्या चॅनलची, म्हणजे पट्टीतल्या वाटेची, रुंदी २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक घ्या. हे तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. शेजारच्या घरांचे राउटर ६ वर असतील तर तुम्ही १ किंवा ११ वर जा. राउटर वाय-फाय ६ चा, म्हणजे नव्या पिढीचा असेल आणि एखादं जुनं उपकरण नावच पकडत नसेल, तर २.४ चा मोड 'एएक्स' वरून 'बी-जी-एन' वर आणून बघा.

इंटरनेट कंपनीने सेटिंगला कुलूप घातलं असेल तर त्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. नाव, पासवर्ड आणि दोन पट्ट्या वेगळ्या करणं, एवढं ते त्यांच्या बाजूने करून देतात. नेमकं काय हवं ते कागदावर लिहून मगच फोन लावा.

एकदा सगळं बंद, मग चालू

जुना राउटर सॉकेटमधून काढा. तो शोकेसमागे तसाच चालू राहिला तर एकाच नावाचे दोन राउटर घरात होतात आणि निम्मी उपकरणं इंटरनेट नसलेल्या जुन्यालाच जाऊन चिकटतात.

मग उपकरणं एकदा बंद करून चालू करा. बटन बंद केल्यावर सावकाश दहापर्यंत मोजा आणि मगच चालू करा. घाईघाईत चालू-बंद करत बसलात तर बल्ब रीसेट होतो आणि नाव-पासवर्ड विसरतो. बल्ब रीसेट करायची खूणच ती आहे: कुणाला तीनदा, कुणाला पाचदा भरभर चालू-बंद. आत्याने देवघराचं बटन 'धा-धा वेळा' दाबलं होतं ना? शेवटी परत न आलेला एकमेव बल्ब तोच होता.

दोन-तीन मिनिटं थांबा, अॅप उघडा. बरीचशी उपकरणं 'ऑनलाइन' दिसायला लागतील.

जे उरले त्यांना हाताने जोडायचं

आधी फोन तयार करा. अर्ध्याहून जास्त वेळा घोटाळा बल्बात नसून फोनमध्ये असतो. फोन २.४ च्या वाय-फायला जोडा. मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर बल्बच्या नेटवर्कवर इंटरनेट नाही असं बघून फोन मधूनच डेटावर उडी मारतो आणि जोडणी तुटते. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा. बल्ब लावायला लोकेशन कशाला, असं आत्यानेही विचारलं. अँड्रॉइडमध्ये आजूबाजूची वाय-फाय नावं शोधायला अॅपला ती परवानगी लागते. काम झालं की बंद करा. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या वाटेने नेणारं अॅप, असेल तर तोही बंद.

बल्ब भरभर लुकलुकायला लागेपर्यंत चालू-बंद करा. मग अॅपमध्ये 'अॅड डिव्हाइस'. जुनी नोंद डिलीट न करता त्याच खात्यात पुन्हा जोडलं, तर बऱ्याच अॅपमध्ये जुनं नाव आणि वेळा तशाच राहतात. पहिल्या पद्धतीने जमलं नाही तर अॅपमध्ये दुसरी असते, 'एपी मोड'. त्यात बल्ब सावकाश लुकलुकतो आणि स्वतःचंच एक छोटं वाय-फाय सोडतो. फोन त्याला जोडायचा आणि अॅपमध्ये परत यायचं. जरा किचकट आहे, पण हट्टी बल्ब बहुधा याच रस्त्याने येतो.

प्लगवर एक बटन असतं, ते पाच-सहा सेकंद दाबून धरलं की दिवा लुकलुकतो. पुढचं सगळं तसंच.

स्पीकरचा रस्ता थोडा निराळा. अलेक्साच्या अॅपमध्ये तुमचा स्पीकर निवडून सेटिंगमध्ये वाय-फाय बदलता येतं, रीसेट लागत नाही. गूगलच्या स्पीकरला मात्र गूगल होम अॅपमध्ये जाऊन आधीचं नेटवर्क विसरायला लावायचं आणि मग नव्याने बसवायचं. स्पीकर सर्वांत आधी जोडा. मग पुढचे बल्ब तोंडी सांगून तपासता येतात, उठबस वाचते.

टीव्ही रिमोटने होतो, त्यावर वेळ घालवत नाही. झिगबी नावाच्या वेगळ्या बिनतारी पद्धतीवर चालणारे बल्ब असतील, फिलिप्स ह्यूसारखे, तर त्यांना हातही लावू नका. ते राउटरशी बोलतच नाहीत, आपल्या ब्रिजशी, म्हणजे मधल्या एका छोट्या डबीशी बोलतात. ब्रिजची तार नव्या राउटरला लावली की झालं.

कॅमेऱ्याला पासवर्ड द्यायला अॅप फोनवर क्यूआर कोड दाखवतं आणि तो कॅमेऱ्यासमोर धरायचा असतो. फोनचा उजेड पूर्ण वाढवा, पडदा पुसा, वीतभर अंतरावर धरा आणि हळूहळू मागे न्या. दुपारच्या उन्हात पडद्यावर झळाळी येते, कॅमेऱ्याला कोड दिसत नाही. सावली करा किंवा संध्याकाळी करा.

गेटच्या खांबावर दहा फुटांवर बसवलेला कॅमेरा असेल तर शिडी लावायच्या आधी ही युक्ती करून बघा. कॅमेरा ज्या जुन्या नावाला हाका मारतोय, तेच नाव आणि तोच पासवर्ड दुसऱ्या एखाद्या फोनच्या हॉटस्पॉटला द्या. हॉटस्पॉट २.४ वर ठेवा. आयफोनमध्ये त्यासाठी 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करावं लागतं. तो फोन घेऊन कॅमेऱ्याखाली उभे राहा. कॅमेरा हॉटस्पॉटला येऊन जोडला जातो आणि अॅपमध्ये ऑनलाइन दिसतो. ज्या अॅपमध्ये चालू उपकरणाचं वाय-फाय बदलायची सोय आहे, तिथे त्याला नवं नाव-पासवर्ड द्या आणि हॉटस्पॉट बंद करा. जुना पासवर्ड बदललेल्यांना तर ही पद्धत फारच उपयोगी. मी स्वतः एकदा शिडी आणायला शेजारी गेलो, ती आणली, चढलो, आणि वर गेल्यावर कळलं की रीसेटचं छिद्र कॅमेऱ्याच्या तळाशी, स्क्रूमागे आहे. तेव्हापासून आधी हॉटस्पॉट.

घरात दोन डबे असतील तर

फायबर घेतलेल्या घरात कंपनीचा एक डबा असतोच. त्यातूनही वाय-फाय निघतं. त्यापुढे तुम्ही बाजारातून आणलेला राउटर जोडला, तर आता दोन वाय-फाय झाली. फोन एकावर आणि बल्ब दुसऱ्यावर गेला की अॅपला बल्ब सापडत नाही, टीव्हीवर मोबाइलचा व्हिडिओ जात नाही, आणि माणूस चक्रावतो.

दोन उपाय आहेत. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करून सगळं काम आपल्या राउटरवर द्या, किंवा आपला राउटर 'अॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वाय-फाय पुरवतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. त्यात पत्ते वाटण्याचं काम एकाच डब्याकडे राहतं आणि भांडण होत नाही.

जोडलं गेलं, तरी दिसत नाही

उपकरण ऑनलाइन आहे, पण फोनवरून ऐकत नाही, असं झालं तर 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचं सेटिंग शोधा आणि बंद करा. ते चालू असलं की एका वाय-फायवरची उपकरणं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. पाहुण्यांच्या वाय-फायवर, म्हणजे गेस्ट नेटवर्कवर, ते बहुधा चालूच असतं. म्हणून बल्ब तिथे जोडू नका.

डीव्हीआरची भानगड वेगळी. तो तारेने जोडलेला असतो, वाय-फायशी त्याचा संबंध नाही. तरी राउटर बदलल्यावर मोबाइलवर चित्र येत नाही, कारण बसवणाऱ्याने त्याला पक्का पत्ता दिलेला असतो. समजा तो १९२.१६८.१.१०८ आहे आणि नवा राउटर १९२.१६८.०.१ वर बसलाय. मधला आकडाच जुळत नाही, म्हणजे दोघं वेगवेगळ्या गल्लीत. नव्या राउटरचा पत्ता बदलून जुन्यासारखा, म्हणजे १९२.१६८.१.१ करा. डीव्हीआरला हात न लावता चित्र परत येतं. मघाशी स्टिकरचा फोटो काढायला सांगितला तो यासाठी.

भिंती, ऊन आणि लाईट

आत्याचं घर पुढून जुनं माळवदाचं आहे, मागून स्लॅबचं. देवघर पुढे, राउटर मागच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शोकेसमध्ये. मध्ये दोन हात रुंद दगड-मातीची भिंत. अशा भिंतीतून २.४ सुद्धा जेमतेम जाते. राउटर शोकेसमधून बाहेर काढला आणि मधल्या दाराच्या वर, चौकटीला लागून फळीवर ठेवला. दारातून लाट जाते, भिंतीतून नाही, एवढं लक्षात ठेवलं की जागा आपसूक सुचते. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून त्याला लांब ठेवा.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राउटर ठेवू नका. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याची मर्यादा बहुधा ४० अंशांपर्यंत लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा त्याच्या वर जातो, पत्र्याखाली तर विचारू नका. दुपारी सगळे बल्ब ऑफलाइन आणि रात्री नऊनंतर आपसूक ठीक, असं होत असेल तर राउटर तापतोय.

लाईट जाते तेव्हा चालावं म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावलेला असतो. नवा राउटर त्यावर लावण्याआधी दोन्हींच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. जुना राउटर १२ व्होल्ट, अर्धा किंवा एक अँपिअर घ्यायचा. नवे दीड-दोन अँपिअर मागतात. यूपीएस तेवढं देत नसेल तर राउटर मधूनच बंद पडून चालू होतो. फायबरचा डबाही यूपीएसवर हवा, नाहीतर वाय-फाय असतं आणि इंटरनेट नसतं.

बल्बच्या सेटिंगमध्ये 'पॉवर-ऑन' चा पर्याय शोधा. लाईट आल्यावर बल्बने काय करायचं ते तिथे ठरतं. मुळात तो 'चालू' वर असतो, म्हणून रात्री तीनला लाईट आली की झोपायच्या खोलीत लख्ख उजेड पडतो. तो 'आधी होता तसा' वर ठेवा. वळवाच्या पावसात लाईट चार-पाचदा ये-जा करते, तेव्हा मात्र काही बल्ब तीच रीसेटची खूण समजतात आणि लुकलुकत बसतात. यावर पक्का उपाय म्हणजे स्मार्ट बल्बऐवजी बोर्डात बटनामागे बसणारं स्मार्ट मॉड्यूल. वायरमनकडून बसवून घ्या. नवीन घेणार असाल तर मी तेच सुचवीन.

मोटारीबद्दल एक गोष्ट. नळ आला की हौद भरायचा आणि मग मोटारीने वरची टाकी, हे मोबाइलवरून करावंसं सगळ्यांनाच वाटतं. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. १० अँपिअरचा स्मार्ट प्लग तिथे लावलात तर आतले संपर्क चिकटतील आणि अॅपमध्ये 'बंद' दाखवूनही मोटार चालूच राहील. प्लगने फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा वेगळा स्विच, चालवावा आणि मोटार कॉन्टॅक्टरने. दोन हजार वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचाच प्लग घ्या.

आणि तो काढलेला राउटर. चालू स्थितीत असेल तर अॅक्सेस पॉइंट करून माळवदाकडच्या भागात तार टाकून लावता येतो. आम्ही तेच केलं. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवलं, यावेळी शेवटच्या स्पेससकट, आणि देवघरातला बल्ब आता पहिल्या हाकेला लागतो. भंगारात किंवा कुणाला द्यायचा असेल तर आधी मागच्या छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा. तुमच्या घराचा पासवर्ड अजून त्याच्यात आहे.